स्कॉटिश मास्तर, कोकणी विद्यार्थी

पालीच्या बल्लाळेश्वराच्या देवळात युरोपीय घडणीची एक घंटा आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली, तेव्हा फिरंग्यांच्या चर्चमधल्या ज्या घंटा मराठ्यांच्या हाती लागल्या त्यांतली ही एक, असे पालीत सांगतात. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आणि भीमाशंकरलाही अशा घंटा आहेत. ज्यांनी ती ओतली त्यांचा देव वेगळा, ज्यांनी ती टांगली त्यांचा वेगळा. नादाला मात्र कोणी हरकत घेतली नाही.

वसईनंतर ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांनी याच किनाऱ्यावर दुसरे ख्रिस्ती लोक उतरले. हे स्कॉटलंडचे होते. त्यांच्याजवळ तोफा नव्हत्या, फौज नव्हती. छापील पुस्तके होती आणि शाळा काढायची हौस होती. कोकणातल्या माणसांना ख्रिस्ती करावे हा त्यांचा उघड हेतू. तो कधी त्यांनी लपवला नाही आणि तो फारसा सफळही झाला नाही. शाळा मात्र टिकल्या, वाढल्या आणि त्यांच्या कल्पनेत नव्हती अशी माणसे त्यांतून बाहेर पडली.

बाणकोटच का?

एडिंबरोच्या स्कॉटिश मिशनरी सोसायटीने पश्चिम हिंदुस्थानात पाठवलेला पहिला माणूस म्हणजे डोनाल्ड मिचेल. हा पाद्र्याचा मुलगा. आधी तो कंपनी सरकारच्या फौजेत लेफ्टनंट होता, सुरतेच्या छावणीत त्याचे मन धर्माकडे वळले, नोकरी सोडून तो मायदेशी गेला आणि मिशनरी होऊन १८२३ साली मुंबईस परत आला. त्याला पुण्यास जायचे होते. पण पेशवाई बुडून पाचच वर्षे झाली होती. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा सावध मनुष्य. नव्याने जिंकलेल्या मुलखात, त्यातही पुण्याच्या ब्राह्मणांसमोर, धर्मप्रचारकाला उभे करणे म्हणजे विस्तवाशी खेळ, हे तो जाणून होता. पुण्याची परवानगी मिळाली नाही.

मग जायचे कुठे? आजच्या रायगड जिल्ह्याचा त्या वेळचा नकाशा मनात आणला की उत्तर सापडते. अलिबाग आणि कुलाबा आंग्र्यांकडे होते, मुरूड-श्रीवर्धनच्या पट्ट्यात जंजिऱ्याचा सिद्दी होता, आणि पाली-सुधागडचा डोंगराळ तालुका भोरच्या पंतसचिवांकडे. १८२० च्या तहाने इंग्रजांनी सचिवांची जहागीर मान्य केलेली. पालीत बल्लाळेश्वर, वर सरसगड, खाली अंबा नदी आणि सगळ्यावर भोरच्या पंतांचा अंमल. अशा ठिकाणी परदेशी पाद्र्याला पाय रोवायला जागा नव्हती.

सावित्री नदी समुद्राला मिळते तिथे उत्तरेला हरिहरेश्वर आणि दक्षिणेला बाणकोट. १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने तुळाजी आंग्र्याविरुद्धच्या मोहिमेत सुवर्णदुर्गाबरोबर बाणकोटही घेतले, पुढच्याच वर्षी पेशव्यांनी ते इंग्रजांना कायमचे देऊन टाकले आणि किल्ल्याचे नाव फोर्ट व्हिक्टोरिया झाले. म्हणजे १८२३ साली बाणकोटच्या लोकांना इंग्रजी अंमल नवा नव्हता. दोन पिढ्या त्यांनी तो पाहिला होता. एल्फिन्स्टनच्या हिशोबाने तिथे भडका उडण्याची भीती कमी. स्कॉटिश मिशनची पहिली पणती अशी पेशव्यांच्या राजधानीऐवजी खाडीकाठच्या एका जुन्या बंदरात लागली.

डोनाल्ड मिचेलला ते फार दिवस पाहता आले नाही. त्याच वर्षी तो वारला. पण त्याच्यामागून जेम्स मिचेल, अलेक्झांडर क्रॉफर्ड, जॉन कूपर आणि जॉन स्टीव्हन्सन येऊन पोहोचले होते किंवा वाटेवर होते. १८२७ मध्ये रॉबर्ट नेस्बिट आला. बाणकोट आणि हर्णै ही दोन ठाणी झाली आणि आसपासच्या गावांत शाळा निघू लागल्या.

पंतोजी तेच, पुस्तक नवे

या शाळा कशा होत्या? आपण 'मिशनची शाळा' म्हटले की डोळ्यांसमोर दगडी इमारत, टोकदार कमानी आणि गणवेशातली मुले येतात. तसे काही नव्हते. शाळा म्हणजे कुणाच्या ओटीवर किंवा पडवीत बसणारी दहा-वीस पोरे. गोऱ्या साहेबाला मराठी येत नाही, तेव्हा मास्तर गावचाच. पंतोजी ब्राह्मण, त्याला पगार मिशन देणार. पूर्वी तो मोडी, हिशोब, पावकी-निमकी-दिडकी शिकवीत असे आणि घरोघरच्या शिध्यावर गुजराण करीत असे. आता त्याने याच्याच जोडीला बाळबोध लिपीत छापलेली पुस्तके वाचून घ्यायची आणि ख्रिस्ती प्रश्नोत्तरीही पोरांकडून पाठ करून घ्यायची. महिन्या-पंधरा दिवसांनी साहेब तपासणीला येणार.

यात एक गंमत होती आणि ती मिशनऱ्यांनाही ठाऊक होती. येशूची प्रश्नोत्तरी शिकवणारा मास्तर स्वतः संध्या केल्याशिवाय शाळेत येत नसे. पोरे उत्तरे घडाघडा म्हणत, साहेब खूश होई, पोरे घरी जाऊन रामरक्षा म्हणत. पाठांतर ही कोकणातल्या मुलांना नवी गोष्ट नव्हती. नवी होती ती दुसरीच: मुलाच्या हातात छापलेले पुस्तक येणे, नकाशावर बोट ठेवून आपले गाव जगात कुठे आहे ते पाहणे आणि परीक्षा नावाच्या दिवशी चारचौघांत उभे राहून उत्तर देणे.

या लोकांना शाळेचे एवढे वेड का, याचे कारण त्यांच्या देशात होते. स्कॉटलंडच्या संसदेने १६९६ साली कायदा केला की प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या गावठाणात, शाळा असलीच पाहिजे. जागा आणि मास्तरचा पगार यांचा भार जमीनदारांनी उचलायचा. बायबल स्वतः वाचता आले पाहिजे हा त्यामागचा धार्मिक आग्रह. पण त्याचा परिणाम असा झाला की गरीब शेतकऱ्याचा हुशार पोरगा गावच्या शाळेतून थेट विद्यापीठात जाऊ शकतो, ही त्या देशाची अभिमानाची गोष्ट बनली. इंग्लंडमध्ये उच्चशिक्षण ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या श्रीमंतांपुरते राहिले असताना स्कॉटलंडच्या छोट्या गावांतून डॉक्टर, इंजिनिअर, पाद्री आणि कंपनीचे कारकून जगभर पसरले ते या शाळांच्या जोरावर.

जॉन विल्सन हा अशाच गावचा. १८०४ मध्ये बर्विकशायरमधल्या लॉडर या लहानशा गावी त्याचा जन्म, एडिंबरोला शिक्षण. १८२९ च्या फेब्रुवारीत तो पत्नी मार्गारेट बेन हिच्यासह मुंबईस उतरला आणि मराठी शिकायला या दोघांना कोकणात पाठवण्यात आले. बाणकोट-हर्णैच्या मुक्कामात त्याने भाषा इतकी चटकन उचलली की काही महिन्यांत तो मराठीत प्रवचन देऊ लागला. नेस्बिटची मराठी तर अशी की पडद्याआडून ऐकले तर बोलणारा गोरा आहे हे कळू नये, अशी ख्याती होती. स्टीव्हन्सनने १८३३ मध्ये मराठीचे व्याकरण छापले आणि पुढे सामवेदाचे भाषांतर केले. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली, तिला मराठी भाषेच्या घडणीवरचे टिपण जोडलेले आहे, ते विल्सनचे. खाडीकाठच्या पंतोज्यांनी या लोकांना शिकवले, हा या गोष्टीचा नेहमी विसरला जाणारा भाग. शाळा दोन्ही बाजूंनी चालू होती.

आंब्रोळीची शाळा

मुंबईत परत आल्यावर विल्सनने गिरगावात आंब्रोळी इथे बस्तान बसवले. मार्गारेटने मुलींच्या शाळा सुरू केल्या. आजचे गावदेवीचे सेंट कोलंबा हायस्कूल आपला उगम १८३२ सालच्या तिच्या कामात शोधते. त्याच वर्षी विल्सनची इंग्रजी शाळा निघाली. तीच पुढे वाढत जाऊन विल्सन हायस्कूल आणि विल्सन कॉलेज झाली. मार्गारेट १८३५ मध्ये वारली. तिच्या दोन बहिणी, अ‍ॅना बेन आणि 'हे' बेन, नंतर मुंबईस आल्या आणि त्यांनी मुलींचे शिक्षण पुढे चालवले. 'हे' बेनचे लग्न नेस्बिटशी झाले.

१८३२ हे वर्ष मराठी माणसाला दुसऱ्या कारणासाठी माहीत आहे. त्या जानेवारीत पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघाले. एकाच शहरात एकाच वर्षी वर्तमानपत्र आणि मिशनची इंग्रजी शाळा. दोघांचे गिऱ्हाईक एकच: नव्या विद्येला भुकेलेला तरुण.

सरकारी शाळा आणि मिशनची शाळा यांत फरक सरळ होता. एल्फिन्स्टनच्या धोरणाने सरकारी शाळेत धर्म शिकवायचा नाही. आंब्रोळीच्या शाळेत बायबलचा तास असणार, आणि तो सर्वांनी बसून ऐकायचा. तरीही ब्राह्मण, प्रभू, पारशी, बेने इस्रायल अशा घरांतली मुले तिथे येत. इंग्रजी चांगले शिकवतात, फी कमी, आणि बाप मनात म्हणे की आपला मुलगा थोडाच बाटणार आहे!

विल्सनला वादाची भारी आवड. १८३१ मध्ये त्याने मोरभट दांडेकर या शास्त्र्यांशी मुंबईत जाहीर वाद घातला. दांडेकरांनी त्यावर 'हिंदुधर्मस्थापना' हे पुस्तक छापले, विल्सनने लगेच प्रत्युत्तर छापले. पुढे १८४४ मध्ये दांडेकरांनी 'उपदेशचंद्रिका' नावाचे मासिकच काढले. इथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. मिशनऱ्यांनी छापखाना, मासिक आणि जाहीर सभा ही हत्यारे आणली, आणि शास्त्र्यांनी तीच उचलून त्यांच्यावर रोखली. पूर्वपक्ष मांडून त्याचे खंडन करायची आपली पद्धत जुनीच होती. आता तिला शाईची आणि श्रोत्यांच्या गर्दीची जोड मिळाली.

शाळा रिकामी करणारे दोन खटले

'आपला मुलगा थोडाच बाटणार' हा भरवसा १८३९ मध्ये पहिल्यांदा तुटला. धनजीभाई नौरोजी हा सोळा वर्षांचा पारशी विद्यार्थी आणि त्याच्यापाठोपाठ होरमसजी पेस्तनजी ख्रिस्ती झाले. पारशी समाज खवळला, प्रकरण कोर्टात गेले, मुलांचा निर्णय त्यांच्यावर सोडला गेला. शाळेचे बाक रिकामे झाले. पालकांनी मुले काढून नेली आणि शाळा पुन्हा पहिल्यापासून उभारावी लागली.

दुसरा खटला ब्राह्मण घरातला. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री हा विद्यार्थी ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे राहायला गेला. तो अजाण, म्हणून न्यायमूर्ती पेरी यांनी त्याला बापाच्या ताब्यात दिले. पण प्रश्न तिथे संपला नाही. मिशनऱ्यांच्या घरी जेवलेल्या मुलाला जातीत परत घ्यायचे की नाही? बाळशास्त्री जांभेकर शुद्धीच्या बाजूने उभे राहिले आणि सनातनी मंडळींचा रोष त्यांनी ओढवून घेतला. मिशनच्या शाळेने केलेला एक आघात हिंदू समाजाला स्वतःच्याच दाराच्या कडीकोयंड्याकडे पाहायला लावून गेला. नारायण शेषाद्रींनी पुढे जालन्याजवळ बेथेल नावाची वसाहत उभारली आणि मांग समाजात आयुष्यभर काम केले.

त्याच १८४३ सालाने स्कॉटलंडमध्येही मोठी फूट पाडली. पाद्री नेमण्याचा हक्क जमीनदाराला की मंडळीला, या वादावरून स्कॉटलंडच्या चर्चचे दोन तुकडे झाले आणि शेकडो पाद्री घरदार, पगार सोडून 'फ्री चर्च'मध्ये गेले. हिंदुस्थानातले स्कॉटिश मिशनरीही त्यांच्या बाजूने उभे राहिले. परिणाम असा की मुंबईत नेस्बिट आणि त्याचा सहकारी मरे मिचेल यांना नवी उभी राहिलेली इमारत जुन्या चर्चच्या स्वाधीन करून भाड्याच्या जागेत शाळा न्यावी लागली. विल्सन तेव्हा धनजीभाईला घेऊन इजिप्त-पॅलेस्टाईनमार्गे मायदेशी निघाला होता. पण मुले इमारतीबरोबर राहिली नाहीत, ती मास्तरांबरोबर गेली. कोकणातल्या ओटीवरच्या शाळेत जे घडले होते तेच मुंबईत घडले: शाळा म्हणजे मास्तर.

पुण्यातला विद्यार्थी

१८३० च्या सुमारास सरकारचा पुण्याबद्दलचा कडकपणा सैल झाला होता. बाणकोटचा जेम्स मिचेल पुण्यास गेला आणि तिथल्या स्कॉटिश मिशनचा कणा बनला. त्या मिशनच्या शाळेत १८४१ साली एक चौदा वर्षांचा मुलगा दाखल झाला. फुलांचा धंदा करणाऱ्या घरातला, मधे शाळा सुटलेला, शेजारच्या गफ्फार बेग मुन्शी आणि लेजिट साहेबांच्या सांगण्यावरून बापाने पुन्हा शाळेत घातलेला. त्याचे नाव जोतिराव गोविंदराव फुले.

तिथे त्याला सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर असे ब्राह्मण मित्र भेटले. थॉमस पेनचे 'राइट्स ऑफ मॅन' त्यांनी वाचले. १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली, सावित्रीबाई शिकवायला लागल्या. सावित्रीबाईंच्या शिक्षक-प्रशिक्षणातही मिशनच्या बायकांचा हात होता, आणि जोतिरावांनी स्वतः मिशनच्या मुलींच्या शाळेत काही काळ शिकवले.

फुले ख्रिस्ती झाले नाहीत. मिशनऱ्यांच्या कामाची त्यांनी मोकळ्या मनाने तारीफ केली, १८७३ च्या 'गुलामगिरी'त आणि १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढच्या निवेदनात शूद्रातिशूद्रांच्या शिक्षणाची बाजू मांडली, पण त्यांचा 'निर्मिक', म्हणजे जग निर्माण करणारा देव, त्यांचा स्वतःचा होता. स्कॉटलंडच्या पॅरिश शाळेचा मूळ विचार, की शाळेची किल्ली गरिबाच्या पोराच्या हाती हवी, पुण्यात सगळ्यांत जास्त कोणाला कळला असेल तर या विद्यार्थ्याला. आणि त्याने तो विचार मिशनच्या कुंपणाबाहेर नेला.

शनवार तेल्यांची मुले

रायगडच्या किनाऱ्याशी या शाळांचा सर्वांत जवळचा धागा बेने इस्रायलांचा. अलिबाग, नवगाव, किहीम, पेण, रोहा-अष्टमी या पट्ट्यात हा समाज शतकानुशतके घाण्यावर तेल काढून जगत होता. शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली. नवगावकर, किहिमकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर ही त्यांची आडनावे गावांवरून पडलेली. शेमा ही प्रार्थना आणि काही सण-उपवास त्यांनी जपले होते. हिब्रू भाषा मात्र हातून गेली होती.

विल्सनला हे लोक भेटले तेव्हा तो हरखलाच. बायबलमधली माणसे मराठी बोलताना दिसत होती! त्याने १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. त्याच्या शाळेत बेने इस्रायल मुले हिब्रू शिकू लागली. अमेरिकन मिशनने मराठीत आणलेला जुना करार त्यांना आपल्या भाषेत वाचायला मिळाला. मिशनऱ्यांना वाटले, आता हे येशूकडे वळणार. वळले ते स्वतःच्याच धर्माकडे. ख्रिस्ती झालेले हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. पण १८४६ मध्ये मुंबईत वल्हांडणाच्या रात्री वाचायचा हगादा मराठी भाषांतरासह शिळाछापावर निघाला. किहीमच्या घराण्यातले हाईम सॅम्युअल किहिमकर यांनी १८७५ मध्ये आपल्या समाजासाठी इस्रायली शाळा काढली. तीच आज माझगावची सर एली कदूरी शाळा. त्यांनीच समाजाचा इतिहास लिहिला. तो त्यांच्या मृत्यूनंतर १९३७ मध्ये तेल अवीवला छापला गेला.

रायगडच्याच मातीतला दुसरा माणूस मात्र या शाळांत कधी बसलाच नाही. माणगाव तालुक्यातल्या शिरवलीचे विष्णु भिकाजी गोखले, म्हणजेच विष्णुबुवा ब्रह्मचारी. १८५७ च्या जानेवारीपासून काही महिने मुंबईच्या समुद्रकिनारी, भर वाळूत, त्यांनी मिशनऱ्यांशी वाद घातला. लोक झुंडीने ऐकायला येत. जॉर्ज बोएन या अमेरिकन मिशनऱ्याने त्या वादांचे वृत्तांत इंग्रजीत छापले. पेणचे भाऊ महाजन 'प्रभाकर' पत्रातून, तर शिरवलीचे बुवा समुद्राच्या वाळूतून उत्तर देत. सुधागडच्या आसपासचा हा मुलूख मिशनऱ्यांना गप्प बसून ऐकणारा नव्हता.

चौपाटी आणि माहीम

विल्सन १८७५ मध्ये मुंबईतच वारला. शेहेचाळीस वर्षे तो इथे होता. या काळात तो रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचा अध्यक्ष झाला, मुंबई विद्यापीठाचा कुलगुरू झाला, लेण्यांच्या अभ्यासाला त्याने चालना दिली. १८६५ मध्ये आफ्रिकेचा प्रवासी लिव्हिंग्स्टन याने चुमा आणि विकाटानी या दोन आफ्रिकन मुलांना शिक्षणासाठी त्याच्याच शाळेत ठेवले होते. त्याच्या नावाचे कॉलेज १८८९ मध्ये चौपाटीवरच्या आजच्या गॉथिक इमारतीत गेले.

त्या कॉलेजातून बाहेर पडलेल्यांत एक नाव कोकणाला कधी विसरता येणार नाही: पांडुरंग वामन काणे. चिपळूणजवळचे, दापोलीच्या मिशन शाळेत शिकलेले आणि विल्सनचे पदवीधर. त्यांचा धर्मशास्त्राचा इतिहास पाच खंडांत, १९३० पासून १९६२ पर्यंत निघत राहिला. १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. ज्या संस्थेचा पाया हिंदू धर्माच्या खंडनासाठी घातला गेला, तिने हिंदू धर्मशास्त्राचा सर्वांत मोठा इतिहासकार शिकवून तयार केला. विल्सनला याचे वाईट वाटले असते की अभिमान, हे सांगणे कठीण. वादाला तोडीचा प्रतिपक्ष हवा असे मानणाऱ्याला बहुधा दोन्ही.

स्कॉटिश हे नाव आज मुंबईकराच्या तोंडी येते ते दुसऱ्याच शाळेसाठी. माहीमची बॉम्बे स्कॉटिश १८४७ साली सुरू झाली ती मुलींचे अनाथालय म्हणून. स्कॉटलंडमध्ये या प्रकाराला जुनी परंपरा होती. एडिंबरोचा सोनार जॉर्ज हेरियट याने बाप मेलेल्या मुलांसाठी संपत्ती ठेवली, १६५९ मध्ये ती शाळा उघडली आणि आज ती शहरातल्या नावाजलेल्या, फी घेणाऱ्या शाळांपैकी एक आहे. माहीमच्या शाळेचा प्रवासही तसाच. अनाथ मुलींची शाळा कालांतराने मुलामुलींची झाली, आयसीएसई बोर्डाची झाली, नटनट्यांची आणि उद्योगपतींची मुले जिथे शिकतात ती झाली. १९९७ पासून पवईला तिची दुसरी शाखा आहे. लॅटिन बोधवाक्य चिकाटी आणि देवावरची श्रद्धा सांगते. प्रार्थना, शाळेचे गीत, हाउसेसमध्ये विभागलेली मुले आणि त्यांच्यातल्या चुरशीच्या स्पर्धा हा सारा स्कॉटिश खासगी शाळांचा ठसा मुंबईच्या उकाड्यात तसाच उमटला.

अनाथांच्या नावाने निघालेली शाळा श्रीमंतांची होणे ही मुंबईपुरती गोष्ट नाही. हेरियटचेही तेच झाले. फरक इतकाच की एडिंबरोच्या त्या शाळेत बाप किंवा आई गमावलेल्या मुलांसाठी मोफत जागा आजही राखलेल्या आहेत. शाळेचे गीत, निशाण आणि टाय शाळा स्वतःच्या हौसेने जपते. संस्थापकाच्या मृत्युपत्रातली अट जपायला मात्र दरवर्षी पैसे मोडावे लागतात, आणि शाळेची परंपरा खरोखर कोणती हे ठरते ते तिथे.

पालीची वाट

पालीत मिशनची शाळा झाली नाही. सुधागड तालुका १९४८ मध्ये भोर संस्थान विलीन होईपर्यंत सचिवांकडेच होता. पण मिशनने आणलेली एक गोष्ट इथवर पोहोचली, आणि ती पुण्याच्या वळसाने आली. शाळा चालवायला सरकार किंवा राजा लागत नाही. चार माणसे एकत्र येऊन, वर्गणी गोळा करून, सोसायटी स्थापून ती चालवू शकतात, हे स्कॉटिश मिशनरी सोसायटीसारख्या संस्थांनी दाखवले. १८८० मध्ये चिपळूणकर, टिळक, नामजोशी यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले आणि १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली, तेव्हा मिशनऱ्यांच्या शाळेला राष्ट्रीय शाळेचे उत्तर द्यायचे हा त्यांचा हेतू होता; उत्तराचा साचा मात्र त्याच शाळांकडून आलेला. पुढे कोकणात गावोगाव एज्युकेशन सोसायट्या झाल्या. पालीची सुधागड एज्युकेशन सोसायटी आणि तिचे ग. बा. वडेर हायस्कूल याच मालिकेतले. तिथे बायबलचा तास नाही, आणि भोवतालच्या कातकरी-ठाकर वाड्या शाळेपासून फार दूर नाहीत.

या दीडशे-दोनशे वर्षांचा ताळेबंद मांडला तर स्कॉटिश मिशनच्या पदरी धर्मांतरे थोडी पडली आणि कोकणाच्या पदरी शाळा पुष्कळ. आपल्या लोकांनी त्यातून इंग्रजी घेतली, छापखाना घेतला, वादाची जाहीर सभा घेतली, संस्था चालवायची रीत घेतली आणि धर्म परत दिला. १६९६ च्या कायद्यातली गोष्ट मात्र त्यांनी निवडून-निवडून घेतली. मास्तरचा पगार गावातल्या सधन माणसाने द्यायचा आणि बाकावर गावातल्या सर्वांत गरीब घरचे मूल बसायचे, हे त्या कायद्याचे सार. फुल्यांनी ते पूर्ण घेतले. माहीमच्या वाटेने गेलेल्यांनी त्यातला बाक घेतला, बसणारे मूल बदलले. आज सुधागडातल्या वाडीवरच्या मुलाला पालीच्या हायस्कुलात दहावीपर्यंत टिकवून धरणे हे काम दिसायला साधे आहे. मराठी शिकायला बाणकोटला आलेल्या लॉडरच्या विल्सनला त्यात आपल्या गावची शाळा लगेच ओळखता आली असती.